ज्ञानदेवांचा रेडा, नाथांचे गाढव आणि चित्रकाराची नजर

पैठणचे नाव घेतले की मराठी माणसाला दोन मुकी जनावरे आठवतात. पहिला ज्ञानदेवांचा रेडा. शुद्धिपत्र मागायला आलेल्या भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदाने अडवले, ज्ञानदेवांनी सर्वांभूती एकच आत्मा असल्याचे सांगितले आणि गोदावरीच्या घाटावर रेड्याच्या मुखातून वेद उमटले, अशी ती कथा. जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधीही आहे. दुसरे जनावर एकनाथांच्या कथेतले. काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराकडे निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसले आणि देवासाठी इतक्या लांबून वाहून आणलेले पाणी नाथांनी त्याच्या तोंडात ओतले. कीर्तनात या दोन्ही कथा भूतदयेच्या एकाच खात्यावर जमा होतात. पण नीट पाहिले तर त्यांचे म्हणणे एक नाही. रेड्याचे मोठेपण पटते ते तो माणसाची वाणी, तीही पंडितांची वाणी, बोलू लागतो तेव्हा. गाढव मात्र शेवटपर्यंत गाढवच राहते. ते बोलत नाही, काही सिद्ध करत नाही. त्याला तहान लागलेली आहे, आणि नाथांना तेवढे कारण पुरते. जनावर आपल्यासारखे आहे म्हणून त्याला मान द्यायचा, की ते आपल्यासारखे नसतानाही द्यायचा, हा धर्मविचारातला खरा अवघड प्रश्न आहे. त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मला ग्रंथांपेक्षा जनावरांची चित्रे काढणाऱ्यांच्या कामात सापडते. पाण्यात कालवलेला रंग आणि बारीक कुंचला घेऊन ज्यांनी हत्ती, हरीण, सारस, ससाणा जसा आहे तसा उतरवला, त्यांनी जनावराला माणसाची वाचा न देता मान दिला. त्यांचे ते काम मी धर्माचे काम मानतो.

याचा पहिला पुरावा छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, वाघुर नदीच्या अर्धवर्तुळाकार वळणावर आहे. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर त्यावर सरसात बांधलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि दूर बदख्शानहून आलेला लाजवर्द हे सगळे पाण्यात कालवलेले रंग आहेत. त्यामुळे आजच्या जलरंगाशी या भिंतींचे नाते जवळचे आहे. या चित्रांचा मोठा भाग जातककथांचा. जातकांत बोधिसत्त्व पूर्वजन्मी कधी हत्ती असतो, कधी हरीण, वानर, हंस, रेडा. आणि ही सगळी जनावरे बोलतात. ती उपदेश करतात, राजाला लाजवतात, शिकाऱ्याला क्षमा करतात. म्हणजे कथाकाराने ज्ञानदेवांच्या रेड्याचीच वाट धरली होती. चित्रकाराला ती वाट बंद होती. रंगाने हत्तीच्या तोंडी संवाद घालता येत नाही. कथेत हत्ती दहा गाथा म्हणत असला तरी भिंतीवर त्याला सोंड, कान, पाय आणि डोळा एवढ्यावरच भागवावे लागते. कथेने दिलेली वाचा चित्राने काढून घेतली आणि तिच्या जागी जनावराचा देह परत दिला. हा निव्वळ माध्यमाचा नाइलाज म्हणून सोडून देता आला असता, पण अजिंठ्याच्या चित्रकारांनी तो नाइलाज मानला नाही. त्यांनी त्या देहावर जीव ओतला.

सतराव्या लेण्यातला मातृपोषक जातकाचा प्रसंग पाहावा. आंधळ्या आईचा सांभाळ करणारा पांढरा हत्ती काशीच्या राजाने पकडून आणला आहे. पुढ्यात चारा आहे आणि तो खात नाही. कथेत तो आपले दुःख शब्दांत सांगतो. भिंतीवर ते दुःख न उचललेल्या सोंडेत आहे. सुटका झाल्यावर तो आईपाशी पोचतो तिथेही भेट घडते ती सोंडांच्या स्पर्शाने, हत्ती हत्तींना भेटतात तशी. कुणी म्हणेल की हा हत्ती अखेर मातृभक्तीचे प्रतीक आहे, आणि प्रतीक म्हणजे जनावराच्या कातड्यात घातलेला माणूसच. आक्षेप वजनदार आहे, कारण ही लेणी निसर्गाच्या अभ्यासासाठी कोरलेली नव्हती. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात दान देणाऱ्यांना पुण्य हवे होते आणि भिक्षूंना धर्म सांगायचा होता. पण प्रतीकाला एवढ्या बारकाईची गरज नसते. मातृभक्ती सांगायला हत्तीची नुसती आकृती पुरली असती. गुडघ्याजवळच्या कातडीच्या सुरकुत्या, मागच्या पायावर रेललेले वजन, कळपातल्या प्रत्येक हत्तीचा वेगळा कल या गोष्टी उपदेशासाठी अनावश्यक आहेत, आणि तरीही त्या तिथे आहेत. दुसऱ्या लेण्याच्या छतावरच्या हंसांच्या रांगेत एका हंसासारखा दुसरा नाही. पहिल्या लेण्यात झुंजणाऱ्या दोन बैलांच्या खांद्यांतला जोर कोणत्याही पारमितेचा, म्हणजे बोधिसत्त्वाच्या सद्गुणाचा, दृष्टांत नाही. उपदेशाला लागते त्याहून जास्त जे चित्रकाराने दिले, ते त्याने जनावराला दिले असेच मी समजतो.

दहाव्या लेण्यातली छद्दंत जातकाची चित्रे याहून कितीतरी जुनी, ख्रिस्तपूर्व काळातली. सहा सुळ्यांच्या हत्तीवर रुसलेली त्याची एक हत्तीण पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि सूड म्हणून शिकाऱ्याला त्याचे दात आणायला पाठवते. शिकाऱ्याच्या अंगावरचे काषाय वस्त्र पाहून हत्ती त्याला मारत नाही, उलट दात कापू देतो. दात समोर येतात तेव्हा राणी कोसळते. चित्रात एका बाजूला वडाखाली आणि कमळांच्या तळ्यात रमलेला हत्तींचा कळप आहे, दुसऱ्या बाजूला राजवाड्यात कोसळलेली राणी. मधल्या अंतरात हत्तीचा दागिना झाला आहे. जिवंत जनावर पाहणे आणि जनावरातून आपल्याला हवे तेवढे कापून घेणे यांतला फरक त्या चित्रकाराने उपदेशाचा एक शब्द न वापरता मांडला. याच लेण्याच्या एका खांबावर 28 एप्रिल 1819 ही तारीख आणि जॉन स्मिथ हे नाव कोरलेले आहे. मद्रास घोडदळाचा हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असताना लेण्यांपर्यंत पोचला. छद्दंताच्या लेण्यात शिकाऱ्याने आपले नाव कोरावे, हा योगायोग मनाला लागतो.

मात्र अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपल्यापाशी नाहीत. ज्याची आयुष्यभराची वाटचाल दिसते असा पहिला मोठा प्राणिचित्रकार म्हणजे उस्ताद मन्सूर. अकबराच्या चित्रशाळेत बाबरनाम्याच्या सचित्र प्रतींसाठी हिंदुस्थानातली जनावरे रंगवणाऱ्यांत तो होता. जहांगीरच्या काळात त्याला नादिर-उल-असर, म्हणजे आपल्या युगातला अद्वितीय, हा किताब मिळाला. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून टर्की कोंबडा आणला, तो मन्सूरने रंगवला. 1619 मध्ये इराणच्या शाह अब्बासने पाठवलेला ससाणा दरबारात पोचल्यावर मेला, तेव्हा बादशहाने त्याचे चित्र मन्सूरकडून करून घेतले. 1620 मध्ये काश्मीरात त्याने शंभराहून अधिक फुले रंगवल्याची नोंद जहांगीरनेच केली आहे. 1621 मध्ये हबशातून आलेला झेब्रा त्याने रंगवला. सायबेरियन क्रौंचाचे त्याचे चित्र आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. चेहऱ्यावरची पिसे नसलेली लाल कातडी त्यात जशीच्या तशी आहे. युरोपीय शास्त्राने या पक्ष्याला 1773 मध्ये नाव दिले, मन्सूरने त्याला दीडशे वर्षे आधी पुरता पाहिला होता.

मन्सूरच्या धर्मातून त्याच्या कामावर येणारा आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. सजीवाचे चित्र काढणे म्हणजे निर्मात्याशी बरोबरी करणे, आणि कयामतीच्या दिवशी चित्रकाराला सांगितले जाईल की आता यात प्राण फुंक. हा आक्षेप कर्मठांचा म्हणून उडवून लावता येत नाही, कारण त्यात एक खोल सावधपणा आहे: जे आपण घडवले नाही त्यावर मालकी सांगू नये. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत अकबराचे यावरचे मत नोंदवले आहे. सजीवाचा अवयव अन् अवयव रेखाटणाऱ्या चित्रकाराला शेवटी कळतेच की आपल्याला यात प्राण घालता येत नाही, म्हणून त्याला प्राणदात्याची आठवण इतरांपेक्षा जास्त होते, असा त्याचा आशय. मला हा युक्तिवाद केवळ बचावाचा वाटत नाही. पिसांमागून पिसे रंगवत बसलेल्या माणसाला तासागणिक उमगत जाते की समोरचा पक्षी आपल्या हातचा नाही. नम्रता ज्या धंद्यांत रोजच्या सरावाने शिकावी लागते, त्यांत प्राणिचित्रकाराचा धंदा वरच्या पंगतीत बसेल.

चित्र ही नम्रता सोडते तेव्हा काय होते, याचा पुरावा त्याच चित्रशाळेत आहे आणि त्याचा संबंध थेट अजिंठ्याजवळच्या शहराशी आहे. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले, आज छत्रपती संभाजीनगर. अंबर हबशातून गुलाम म्हणून आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि दख्खनमध्ये मुघलांना त्याने वर्षानुवर्षे जेरीस आणले. तो काही केल्या हाती लागेना, तेव्हा 1616 च्या सुमारास मन्सूरचा समकालीन आणि तितकाच सन्मानित चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या भाल्यावर रोवलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहात आहे. असे काही कधी घडले नाही. अंबर 1626 मध्ये वृद्धापकाळाने मेला, त्याची कबर खुलताबादला आहे. चित्रातल्या मुंडक्यावर एक घुबड बसवले आहे. अबुल हसनचा हात मन्सूरपेक्षा कमी नव्हता, तरी ते घुबड घुबड नाही, अपशकुनाची खूण आहे. शेजारचा माणूसही माणूस नाही, बादशहाचा राग आहे. चित्र इच्छेच्या ताब्यात गेले की पक्षी आणि माणूस दोघेही त्यातून नाहीसे होतात. याउलट झेब्र्याच्या वेळी काय घडले ते पाहा. अंगावरचे पट्टे कुणी रंगवले असावेत अशी शंका लोकांना आली, तेव्हा नीट तपासणी झाली, पट्टे खरे ठरले, आणि मग मन्सूरने ते एकेक करून उतरवले. हबशातून आलेल्या जनावराला जी न्यायबुद्धी मिळाली, ती हबशातून आलेल्या माणसाला मिळाली नाही.

इथे विरोधकाला मोठे बळ मिळते. अचूक पाहणे हेच जर धर्माचे काम, तर अचूक पाहणारा हा बादशहा असा कसा? जहांगीरने सारसांची एक जोडी पाळली होती, त्यांना लैला-मजनू नावे दिली होती, नर-मादी अंडी कशी आळीपाळीने उबवतात याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्याच जहांगीरच्या आठवणींत शिकारीचा हिशेबही आहे: बाराव्या वर्षापासून राज्यारोहणानंतरच्या दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत त्याच्यासमोर 28,532 जनावरे मारली किंवा धरली गेली, त्यांतली 17,167 स्वतः त्याच्या हातची. पन्नाशीला आल्यावर, नातू शाह शुजाच्या आजारपणात, त्याने बंदुकीची शिकार सोडली. मुलगा खुर्रमच्या बंडानंतर ती पुन्हा सुरू केली. हे सगळे खरे आहे, आणि यातून एवढे मान्य केलेच पाहिजे की नजर एकटी हात थांबवत नाही. बारीक पाहणारा माणूस निर्दय असू शकतो. पण यावरून नजरेची किंमत शून्य ठरत नाही. नजर नसेल तर दयेचा नेमही चुकतो. रस्त्यावरच्या माकडांना गोड खाऊ घालणारे, पक्षी पिंजऱ्यांतून विकत घेऊन पुण्यासाठी सोडणारे आणि त्यासाठीच ते पुन्हा पकडले जातील हे न पाहणारे, यांच्यापाशी दयेची वाण नसते. नाथांनी गाढवाच्या कपाळी गंध लावून प्रदक्षिणा घातली असती तर तीही दयाच म्हणवली गेली असती, पण गाढव मेले असते. पाणी द्यायचे तर आधी तहान दिसावी लागते. करुणेच्या अगोदर पाहणे येते. त्याच्यापुढची पायरी चढायची की नाही, हा पाहणाऱ्याच्या चारित्र्याचा प्रश्न.

आधुनिक काळातही या कामाला रक्ताचा डाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, जिची स्थापना 1883 ची, पक्ष्यांच्या कातड्यांचा मोठा संग्रह आहे. सलीम अली यांनी 1931-32 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, औरंगाबाद त्याच संस्थानात होते. तेव्हा पाहणी म्हणजे पक्षी टिपणे आणि कातडी जतन करणे. याच सलीम अलींनी 1927 मध्ये मुघल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली, तेव्हा मन्सूर-जहांगीरची ही दुहेरी परंपरा त्यांना चांगली ठाऊक होती. गोव्याचे कार्ल डिसिल्व्हा यांच्यासारख्या पक्षिचित्रकारांना ओळखपुस्तकांची चित्रफलके करताना या संग्रहाचाच आधार घ्यावा लागे. अशी कातडी एकदा जवळून पाहण्यासारखी असते. पंख अंगाला मिटलेले, पाय जुळवून बांधलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला दोऱ्याने लावलेली चिठ्ठी. पिसांचा रंग टिकतो, पण चोचीचा, पायांचा आणि बुबुळांचा रंग मेल्यावर उडून जातो. म्हणून पक्षी हाती आला त्याच वेळी तो चिठ्ठीवर लिहून ठेवायचा असतो. चित्रकाराला ती चिठ्ठी वाचून, जिवंत पक्षी रानात पाहून आणि कातडीवरची पिसे मोजून, कापसाच्या जागी पुन्हा डोळा घालावा लागतो. प्राण फुंकण्याची ती जुनी मागणी इथे फार साध्या रूपात समोर येते. ज्याला आपल्या ज्ञानासाठी मारले त्याचे ऋण मानून त्याचा डोळा तरी अचूक रंगवावा, ही माझ्या मते किमान सचोटी आहे. ती पाळल्याने मारणे माफ होत नाही. पण अशा चित्रफलकांमुळेच पुढच्या पिढ्यांना बंदूक न उचलता दुर्बिणीतून पक्षी ओळखता आला, आणि जायकवाडीच्या नाथसागरावर आज कोणी रोहित पाहायला जातो तेव्हा हातात पुस्तक असते, छर्रे नसतात. ऋणाची एवढी फेड या कामाने नक्कीच केली.

शेवटचा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आणि आपल्याच घरचा आहे. अद्वैती म्हणेल, नामरूप मिथ्या आहे. हत्तीच्या सुरकुत्यांत आणि क्रौंचाच्या लाल कातडीत गुंतणे म्हणजे वरवरच्या रूपात अडकणे, ज्ञानी सर्वांत एकच ब्रह्म पाहतो. रेड्याच्या कथेमागे हीच दृष्टी आहे आणि तिचे मोल मी कमी मानत नाही. उच्च-नीच भेद मोडायला तिच्याइतके धारदार हत्यार मराठी परंपरेत दुसरे नाही. जातीचा अहंकार मिरवणाऱ्या सभेला उत्तर द्यायचे होते, म्हणून रेड्याला वेद म्हणावे लागले. ते उत्तर त्या सभेसाठी होते, रेड्यासाठी नव्हते. पण एकच ब्रह्म पाहणाऱ्याची एक सवय जनावराला महागात पडते. सगळ्यांत एकच तत्त्व दिसू लागले की समोरच्याला नेमके काय हवे आहे, हे पाहण्याची गरज वाटेनाशी होते. आत्मा तहानत नाही, तहानते ते गाढव. नाथ अद्वैत मानणारेच होते, भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी टीका लिहिली. तरी त्या वाळवंटात त्यांना ब्रह्माबरोबर कोरडा पडलेला घसाही दिसला, आणि रामेश्वराला पाणी पोचल्याचे समाधान त्यांना तिथेच मिळाले असे परंपरा सांगते. अद्वैत आणि अचूक नजर यांत विरोध असता तर ही कथा टिकली नसती. चित्रकार नामरूपात अडकतो हे खरे, पण जनावराचे सुखदुःखही त्या नामरूपातच असते.

सायबेरियन क्रौंच भारतात शेवटचे दिसले ते 2001-02 च्या हिवाळ्यात, भरतपूरला. मन्सूरचे चित्र त्यांना वाचवू शकले नाही, आणि चित्रांकडून तशी अपेक्षा धरणे हा चित्रांवर अन्याय आहे. पाहायला शिकवणे हे त्यांचे काम, आणि ते आपण त्यांना करू देत नाही. अजिंठ्याला येणाऱ्या शाळेच्या सहली पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे थांबतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. हत्ती-हरणांपुढे थांबलेच तर कोणत्या जातकातला हत्ती एवढे ऐकवले जाते. मराठवाड्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की सतराव्या लेण्यात क्रम उलटा करावा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मुलांना उभे राहू द्यावे, हत्ती काय करतो आहे, चारा पुढ्यात असून सोंड का उचलत नाही, हे त्यांनाच विचारावे, आणि गोष्ट नंतर सांगावी.